समितीने चाखलेली डाळ

४ सप्टेंबर

वहिनी,

नमस्कार तर आहेच, पण आधी कामाचं. पुढच्या बुधवारी मी तुमच्या गावात आहे. आमच्या संसदेच्या न्याय समितीचा दौरा निघालाय. खटले का रखडतात, तुरुंगात माणसं कशी ठेवलीत, सगळं डोळ्यांनी बघायचं म्हणतात. खासदार प्रश्न विचारतात, समोरचे उत्तरं देतात आणि मी कोपऱ्यात बसून सगळ्यांचं लघुलेखन करते. लग्नातल्या फोटोग्राफरसारखं आहे माझं. सगळीकडे हजर, एकाही फोटोत नाही.

बुधवार दादाच्या तुरुंगासाठी आहे. तिथल्या बायकांच्या बराकीतून एकीचा अर्ज समितीकडे आलाय, जेवणाबद्दल. कोण ते लिहीत नाही. भेट न कळवता द्यायची असं ठरलंय, म्हणजे हे पत्रसुद्धा मी लिहायला नको होतं. पण तुझ्या गावात येऊन तुला न भेटता गेले तर तू जन्मभर बोलून दाखवशील, आणि ते मला झेपणार नाही. तेव्हा दादाला काही सांगू नकोस. काम उरकलं की तासभर क्वार्टरवर येऊन जाईन. तुझी जळक्या लसणाची डाळ करून ठेव. इथल्या खानावळीत डाळ म्हणून पिवळं पाणी वाढतात आणि वर विचारतात, आणखी देऊ का.

तुझी बारकी

७ सप्टेंबर

बारके,

आशीर्वाद घे. कागद पाठकोरा आहे, मागे दुधाचा हिशोब दिसला तर वाचत बसू नकोस. कोरा कागद आनंदाच्या बातमीला लागत नाही, ती कशावरही चालते.

ये तू. सासूबाई गेल्या तेव्हा तू माझ्या कमरेएवढी होतीस, आता खासदारांच्या मागे वही घेऊन फिरतेस. मी आपली मॅट्रिकवर थांबले, पण तुझ्या शिक्षणाला हात आखडला नाही, हे देवासमोर रोज समाधानाने सांगते. तुझ्या दादाला बोलले नाही, बोलणारही नाही. मला गुपित ठेवता येतं. तू टायपिंगच्या क्लासला म्हणून सिनेमाला जायचीस, ते त्यांना अजून ठाऊक नाही.

एक विचारू का? समितीतले लोक तिथलं जेवण चाखतात का ग? अधीक्षकाच्या बायकोने असलं विचारू नये, पण मनात आलं. इतकी वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतेय, पलीकडे काय शिजतं हे मी कधी विचारलं नाही. वास आला की खिडकी लावून घेते.

डाळ करते. पोटात जागा ठेवून ये.

वहिनी

१७ सप्टेंबर

वहिनी,

भेट झाली नाही, चुटपुट लागून राहिली. क्वार्टरच्या दारापर्यंत आले होते, कुलूप होतं. गाडी थांबेना म्हणून तशीच परतले.

बाकी सगळं नीट पार पडलं. भिंतींचा चुना इतका ताजा होता की अध्यक्षांच्या कोटाची बाही पांढरी झाली. बायकांच्या बराकीत त्यांनी पातेल्यासमोर उभं राहून डाळ आणि पाव चाखला, आणि वाटी पुन्हा पुढे केली. म्हणाले, "घरी असं मिळालं असतं तर मी राजकारणात कशाला आलो असतो?" सगळे हसले. दादाही हसला. त्याला असं हसताना बऱ्याच वर्षांनी पाहिलं.

मलाही वाढलं. दोन घास खाल्ले. भूक नव्हती.

तू कुठे होतीस?

बारकी

२५ सप्टेंबर

बारके,

मी देवळात गेले होते. तिथेच वेळ गेला. तू येऊन गेलीस हे ऐकून जीव हळहळला. डाळ करून ठेवली होती, तू आली नाहीस म्हणून शेजारी देऊन टाकली. अन्न वाया जाऊ देत नाही मी, तुला माहीत आहे.

चुन्याचं म्हणशील तर तो दरवर्षी देतात, यंदा नेमका त्याच आठवड्यात आला. योगायोग.

तुझ्या दादाची पाठ थोपटली गेली म्हणे. घरी आले ते शीळ घालत. निवृत्ती जवळ आलीय, जाताना कोणी चार शब्द बरे बोललं तर कोणाला नको असतं? महिन्याचा हिशोब लिहायला बसले, तर त्या दिवशीचा लसूण आणि तेल कशात मांडावं कळेना. 'पाहुणे' लिहिलं, मग खोडलं. पाहुणी तर आलीच नाही.

तब्येतीला जप. दोन घासांत काय भागतं?

वहिनी

३० ऑक्टोबर

वहिनी,

अहवालाचा मसुदा मंजूर झाला. पुढच्या अधिवेशनात तो सभागृहासमोर ठेवतील. दादाच्या तुरुंगाबद्दलचा परिच्छेद त्याच्या कार्यालयाकडे पाठवलाय, पण तुझ्यासाठी दोन ओळी इथे उतरवते: 'महिला विभागातील जेवण रुचकर व पुरेसे आढळले. स्वयंपाकात काम करणाऱ्या कैदी महिलेनेही तसे सांगितले. तक्रार निराधार आहे.'

मीच टाईप केलं. चूक एकही नाही, असं आमचे साहेब म्हणाले.

वहिनी, लसूण तेलात किती वेळ ठेवतेस ग हल्ली? इथे करून पाहिलं, मला काही जमेना.

बारकी

१९ नोव्हेंबर

बारके,

हे पत्र कोऱ्या कागदावर आहे, त्यावरून काय ते समज.

मंगळवारी कैद्यांच्या भेटीचा दिवस असतो. परवाच्या मंगळवारी मी आमच्या फाटकापाशी भाजी घेत होते. एक तरुण बाई आली आणि पाणी मागितलं. धोब्याच्या दुकानात इस्त्री करते म्हणाली, बोटं भाजलेली होती. पाणी पिऊन ती तिथेच पायरीवर बसली. मी विचारलं, "कोणाकडे आली होतीस?"

"आईकडे. पण भेट बंद केलीय म्हणतात."

"का ग?"

"खोटा अर्ज केला म्हणून. संसदेच्या लोकांनीच लिहून दिलंय म्हणे, ती खोटं बोलते असं."

तिची आई शिवणकाम करायची, बराकीत तिला शिवणवाली म्हणतात. एका शिंप्याच्या दुकानातून कापडाचे तागे गेले, मालकाने हिच्याकडे बोट दाखवलं, तेव्हापासून आत आहे. खटला उभाच राहत नाही. तारीख पडते आणि पुढे जाते. शिक्षा झाली असती तर एव्हाना भोगून घरी आली असती, असं लेक म्हणाली. आता जामिनाचा अर्ज न्यायाधीशांसमोर आला, तर सरकारी वकिलाने तुमच्या मसुद्यातल्या त्या ओळी वाचून दाखवल्या. ही बाई विश्वास ठेवण्यासारखी नाही, तुरुंगात राहून तुरुंगाची बदनामी करते. न्यायाधीश म्हणाले, अहवाल सभागृहात मांडला जाऊ दे, मग बघू. म्हणजे एकदा का तो मांडला, की हा डाग कोणी पुसायचा नाही. इकडे ऑफिसात तिच्यापुढे कागद ठेवलाय, 'मी खोटी तक्रार केली, माफी असावी.' सही केली तर भेटी सुरू. ती सही करत नाही.

मी म्हटलं, "एक सही करायला काय जातं?" बघ, अजूनही माझं तोंड कसं चालत होतं.

लेक म्हणाली, "आई जेवणाबद्दल खोटं बोलत नाही हो. साहेब लोक आले त्या दिवशीचं जेवण चांगलंच होतं म्हणते. पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं तिच्या. घरच्या बाईच्या हातचं वाटलं म्हणते."

बारके, मी पिशवी उचलली आणि आत आले. तिला आत ये म्हणायलाही थांबले नाही.

आता सांगते. मी देवळात नव्हते. तू यायच्या आदल्या दिवशी मी लसूण सोलत बसले होते. तुझा दादा आला आणि विचारलं, "कोण येतंय?"

"कुठे कोण?"

"कोणी येत नाही तर एवढा लसूण कशाला? तू दोन पाकळ्यांत आठवडा काढणारी बाई."

मग सांगून टाकलं. मला वाटलं, बहीण येतेय म्हणून खूश होतील. ते खाली बसले. घाम पुसला. म्हणाले, "उद्या समिती येणार आणि मी त्यांच्यापुढे तो रांधा ठेवणार?" मी म्हटलं, चांगला करायला सांगा. तर म्हणाले, "कशातून? ठेकेदार किडकी डाळ पाठवतो, मी वर लिहितो, वरून उत्तर येतं की आहे त्यात भागवा. वाईट दिसलं तर ठेकेदाराला कोणी धरणार नाही. मला धरतील."

तेव्हा मीच म्हटलं, मी करते. ते म्हणाले नव्हते, मी म्हटलं. हे तुला कळायला हवं.

रात्रीच घरचं सगळं कोठार उपसलं. पहाटे हवालदाराची बायको कांदे चिरायला आली. ती म्हणाली, "वहिनीसाहेब, कैद्यांना एवढं चांगलं घालाल तर उद्या माझा नवराच चोरी करेल." आम्ही दोघी पोट धरून हसलो. तुझा दादा मध्येच येऊन सांगून गेला, "घरच्यासारखी नको करू. जरा पांचट ठेव, खरं वाटलं पाहिजे." पण माझा हात गेला नाही. देवाचं नाव घेऊन चूल पेटवते मी, मुद्दाम वाईट कसं करायचं? आणि तू खाणार होतीस. मोठं पातेलं दोघा शिपायांनी मधल्या दाराने आत नेलं. तू कुलूप बघत उभी होतीस तेव्हा मी आत होते. आतून कडी लावली असती तर मी घरात आहे हे कळलं असतं, म्हणून हवालदाराच्या बायकोने बाहेरून कुलूप घातलं होतं. खिडकीतून तुला पाहिलं. हाक मारली नाही.

इतके दिवस वाटायचं, चांगलं खायला घातलं, त्यात पाप कसलं. देवासमोर बसले आणि डोळे वर करता येईनात.

लसूण तेलात किती वेळ ठेवतेस, असं तू विचारलंस. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

वहिनी

२८ नोव्हेंबर

वहिनी,

पहिल्या घासाला ओळखली. लहानपणापासून ज्या हाताने खाल्लं तो हात विसरतो का कोणी? आणखीही एक वाटलं होतं त्या घासाला, पण ते राहू दे.

समोर दादा उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मला समजलं की पत्र फुटलं. माझंच पत्र. तू सांगितलंस त्याचं मला काही नाही, तुला नवऱ्यापासून लपवायला लावलं हेच चुकलं. संसदेची समिती न सांगता येते, आणि तिची वाट माझ्या डाळीच्या हौसेने मोकळी झाली.

आता माझं ऐक. पातेल्यापाशी जी बाई डाव घेऊन उभी होती, तीच शिवणवाली, स्वयंपाकघरात तेव्हा तिची पाळी होती. अर्जही तिचाच. अध्यक्षांनी तिला विचारलं, "काय बाई, जेवण कसं आहे?" तिने खाली बघून सांगितलं, "आज चांगलं आहे."

अध्यक्ष पुढच्या दाराकडे वळले होते. मी लिहिलं: चांगलं आहे.

आज हा शब्द मी गाळला. घाई नव्हती, ऐकू आलं नाही असंही नाही. दादाकडे पाहिलं आणि हात पुढे गेला. माझ्या लिहिण्यावर अहवाल उभा आहे, आणि अहवालावर तिचा जामीन अडलाय. टाईप करताना दुरुस्त करता आलं असतं. केलं नाही.

पण वहिनी, तू कोणाला काही लिहू नकोस, हात जोडते. दादाची पेन्शन जाईल. माझी नोकरी जाईल, त्याहीपेक्षा चौकशी बसेल. मी तिच्या वकिलाला दुसरीकडून काही मदत मिळते का बघते. झाकली मूठ राहू दे. हे लिहिताना मला माझीच किळस येतेय, तरी लिहितेय.

बारकी

९ डिसेंबर

बारके,

तुझ्या पत्राने मला रडू आलं, आणि रागही आला. राग तुझा नाही. तुला जिने वाढवलं तिचा.

मूठ झाकलेलीच आहे, पण तिच्यात दुसऱ्याचा जीव आहे. मी समितीच्या अध्यक्षांना पत्र टाकलं. माझ्या नावाने, रजिस्टरने. मॅट्रिकच्या मराठीत जेवढं जमलं तेवढं लिहिलं: त्या दिवशीची डाळ तुरुंगाची नव्हती, माझी होती, तुमच्या भेटीची खबर आम्हाला आधी होती. खबर कोणाकडून आली ते लिहिलं नाही. शब्दाचंही लिहिलं नाही, तो माझा नाही.

टाकण्याआधी तुझ्या दादाला वाचून दाखवलं. पाठीमागून केलं नाही. ते जेवत होते. घास तसाच हातात राहिला.

"मला विचारून लिहिलंस?"

"लिहून विचारतेय."

"हे गेलं तर मी संपलो, कळतंय ना?"

"कळतंय."

"इतकी वर्षं संसार केलास, आणि शेवटी एका चोरट्या बाईसाठी?"

मी म्हटलं, "ती चोर आहे हे अजून कोणी ठरवलेलं नाही. आपण काय केलं ते मात्र आपल्याला माहीत आहे."

ते उठले. ताट तसंच. त्या दिवसापासून बोलत नाहीत. मी वाढते, ते जेवतात, घरात भांड्यांचा तेवढा आवाज. मला त्यांची कीव येते ग. वाईट माणूस नाहीत ते. वर लिहून लिहून थकले आणि मग लिहायचं सोडून दिलं. मी तर कधी लिहिलंच नव्हतं. मी खिडकी लावून घेत होते.

तुझ्यावर आलं तर मला माफ कर. येईल असं वाटतं.

वहिनी

१७ डिसेंबर

वहिनी,

तुझं पत्र समितीत वाचलं गेलं. वाचताना लिहून घ्यायला मीच होते. 'खबर आम्हाला आधी होती' इथपर्यंत आलं आणि अध्यक्षांनी मान वर केली. "ही खबर दिली कोणी?" खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आमचा म्हातारा शिपाई चहा ठेवत होता, त्याच्याकडेसुद्धा बघितलं. तो ट्रे तसाच ठेवून मागे सरला.

मी पेन्सिल खाली ठेवली. म्हटलं, मी. आणि एक शब्दही मीच गाळलाय, तो असा असा.

माझी बदली जुन्या कागदांच्या खोलीत झाली आहे. चौकशी सुरू आहे. काय होईल माहीत नाही. तिथे उजेड कमी आहे, पण निदान कोणी बोलत नाही, त्यामुळे गाळण्यासारखं काही नसतं.

तुला जानेवारीत साक्षीला बोलावतील, दादालाही. लिहून घ्यायला दुसरी मुलगी असेल. हळू बोल, ती नवी आहे.

बारकी

२२ जानेवारी

बारके,

साक्ष झाली. तू त्याच इमारतीत खाली कागदांच्या खोलीत होतीस आणि मला भेटू दिलं नाही, म्हणून लिहूनच कळवते.

निघायच्या सकाळी मी पिशवी भरत होते. तुझ्या दादांनी माझ्यापुढे एक डबा आणून ठेवला. तुरुंगातली डाळ, आदल्या संध्याकाळची. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलले. "ही घे. नाहीतर त्यांना फरक कळायचा नाही."

मी म्हटलं, "तिथपर्यंत नासेल."

म्हणाले, "नासली तरी ओळखू येणार नाही."

गाडीत आम्ही दोघं शेजारी बसलो, डबा मध्ये.

लांबलचक टेबल होतं, त्याच्या एका टोकाला मला बसवलं. मी हळू बोलले, त्या मुलीकडे बघत. ती मान हलवेपर्यंत पुढचं वाक्य घेत नव्हते. एक सदस्य म्हणाले, "अधीक्षकाशी घरात भांडण झालं म्हणून ही बाई काहीही सांगत असेल. डाळ हिनेच केली याला पुरावा काय?"

मी म्हटलं, "चूल द्या."

ते हसले. पण अध्यक्ष हसले नाहीत. तुमच्या कँटीनमध्ये नेलं मला. तिथला आचारी बाजूला उभा राहून बघत होता. म्हणाला, "बाई, गॅस सरकारी आहे, पण फोडणी तुमची चालू दे." मी केली. वर नेली. अध्यक्षांनी चमचा तोंडात घातला आणि तसाच धरून ठेवला. मग खाली ठेवला. त्या दिवशीसारखी वाटी पुढे केली नाही.

मग मी तुझ्या दादांनी दिलेला डबा उघडला. त्यांनी तोही चाखला. बाकीच्यांनी नुसता वास घेतला. डाळीत तोंड दिसेल एवढं पाणी, आणि तळाला जे होतं ते डाळ नव्हतं. मीही तो पहिल्यांदाच चाखला, बारके. भिंतीच्या अलीकडे इतकी वर्षं राहून.

अध्यक्षांनी विचारलं, "आम्हाला फसवायचंच होतं तर डाळ इतकी चांगली का केलीत?"

मी म्हटलं, "पाहुणे येणार होते. पाहुण्यांना वाईट वाढायची सवय नाही."

"आणि आत जी माणसं आहेत, ती रोज जेवतात, त्यांचं काय?"

त्या मुलीने पेन्सिल उचलून माझ्याकडे बघितलं, काय लिहू म्हणून. मी म्हटलं, "काही बोलले नाही असं लिही." तिने लिहिलं.

तुझ्या दादांना विचारलं. ते उभे राहून म्हणाले, "डाळ हिने केली, माझ्यासाठी केली. आत पाठवली मी. ठेकेदाराबद्दलची माझी जुनी पत्रं फायलीत आहेत, पण ती सांगून मी सुटणार नाही." बसताना त्यांनी खुर्ची चाचपडली. मी हात दिला. घेतला त्यांनी.

त्यांना रजेवर पाठवलंय, पेन्शनचं पुढे कळेल. क्वार्टर सोडायचंय. त्या परिच्छेदातली 'निराधार' ही ओळ काढून टाकली, आणि समितीला फसवण्यात आलं असं लिहिलं. ठेकेदाराचं नाव मात्र अजून कुठे आलेलं नाही. जामिनाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मिळेल असं वकील म्हणतात. ते तर तेव्हाही म्हणत होते.

जायच्या आधी एक गोष्ट करायची होती. शिवणवालीच्या भेटी पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा मी तिला भेटायला गेले. अधीक्षकाच्या बायकोसारखी मधल्या दाराने नाही. मंगळवारी, बाहेरच्या रांगेत उभी राहून, तिच्या लेकीच्या मागे. जाळीपलीकडे ती आली. माझ्याहून लहान असेल, केस पांढरे. मी सगळं पाठ करून गेले होते. तोंडातून एवढंच निघालं, "त्या दिवशीची डाळ मी केली होती."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. शिवणाऱ्या बायका माप घेताना बघतात तसं. लेक म्हणाली, "आई, यांनी साक्ष दिली."

"कळलं मला," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बाई, जेवणाबद्दल मी खोटं बोलत नाही म्हणून सांगते. डाळ चांगली होती, पण लसूण जरा जास्तच जळला होता."

आणि लेकीशी बोलायला लागली.

बारके, खरंच जळला होता. हवालदाराच्या बायकोशी हसण्याच्या नादात कढई उतरवायला उशीर झाला, मला तेव्हाच कळलं होतं. अध्यक्षांनी दोनदा घेतली. तुझा दादा वाखाणत घरी आला. कोणी म्हणजे कोणी बोललं नाही.

तुलाही पहिल्याच घासाला कळलं असणार.

वहिनी